डोळ्यांतली ‘आसवं’ आणि बाटलीतलं ‘आसव’

प्रश्न थोडक्यात असा. एका वाचकाने अभंगाच्या वळणाची एक ओळ लिहिली: ‘पापणीच्या काठी । थांबले आसव’. त्यावर एका शिक्षकांनी हरकत घेतली, की आसव म्हणजे द्राक्षासव, कुमारी आसव वगैरे. त्याचा अश्रूंशी काय संबंध? दुसऱ्या एकाने कवीची बाजू घेतली, की संबंध आहेच, मनात मुरलेल्या दुःखाचा अर्क डोळ्यांतून गाळून येतो, म्हणून तर अश्रूंना ‘आसवं’ म्हणतात. कवीला आता विचारायचं आहे, की हा शब्द मुळात कुठला, त्याचा नेमका अर्थ काय, आणि ओळ बदलावी की राहू द्यावी.

माझं बरंचसं आयुष्य कोशाच्या नोंदी तपासण्यात आणि प्राकृत शिकवण्यात गेलं, त्यामुळे असले वाद मला नवे नाहीत. उत्तर आधीच सांगून टाकतो. शिक्षकांचं अर्धं बरोबर आहे. ‘दुःखाचा अर्क’ ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी खोटी आहे. कवीची ओळ व्याकरणाने चुकली आहे, पण ती चूक कुठून आली हे समजण्याजोगं आहे, आणि तिच्यातच या शब्दाची खरी गंमत आहे.

खरा पेच अर्थाचा नाहीच. ‘आसवं’ म्हणजे अश्रू हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेच एकवचनाचा आहे. एक घर, अनेक घरं. एक फूल, अनेक फुलं. एक पान, अनेक पानं. मराठीतली नपुंसकलिंगी नामं बहुतेक या वळणाची, म्हणून ‘आसवं’ ऐकलं की जीभ आपोआप मागे जाऊन ‘आसव’ असं एकवचन घडवते. ते घडवलं की कोशात पाहायला माणूस ‘आसव’ काढतो, तिथे त्याला औषधी मद्य भेटतं, आणि मग त्या मद्यातून अश्रू कसे निघाले याची गोष्ट रचावी लागते. ‘दुःखाचा अर्क’ ही गोष्ट अशीच रचलेली आहे. लोकांच्या तोंडी असलेल्या व्युत्पत्त्यांपैकी पुष्कळ अशाच जन्मतात: आधी रूप चुकतं, मग त्या चुकलेल्या रूपाला अर्थ शोधला जातो.

‘आसवं’चं एकवचन ‘आसव’ नाही, ‘आसू’ आहे. ते आसू, ती आसवे. बोलताना आपण ‘आसवं’ म्हणतो, जसं पाखरे–पाखरं. शाळेत शिकलेला नियम आठवत असेल: ऊकारान्त नपुंसकलिंगी नामाचं अनेकवचन एकारान्त होतं, पाखरू–पाखरे, लेकरू–लेकरे, लिंबू–लिंबे, पण काही शब्दांचं ते वेकारान्त होतं, आणि तिथे ठरलेली उदाहरणं असतात गळू–गळवे आणि आसू–आसवे. म्हणजे ‘आसवे’तला ‘व’ हा मूळ शब्दाचा भाग नाही. शेवटचा ऊ आणि अनेकवचनाचा ए एकमेकांना भिडले, तेव्हा ऊचा व झाला. हेच स्त्रीलिंगी शब्दांतही होतं: सासू–सासवा, जाऊ–जावा, जळू–जळवा, ऊ–उवा. सासवांमधला ‘व’ पाहून कुणी ‘एक सासव’ म्हणत नाही, कारण सासू रोज भेटते.

इथेच माझ्या मते सगळं अडकलं आहे. ‘गळू’चं एकवचन जिवंत आहे, कारण गळू एकच होतं आणि ते ठणकतं. ‘गळवं’वरून ‘एक गळव’ कुणाच्या तोंडी येत नाही. आसवांचं तसं नाही. ती एकेकटी येत नाहीत, म्हणून शब्द वापरला जातो तो अनेकवचनात, आणि एकवचन कानावरून गेलेलंच नसतं. जिथे ते टिकून आहे ती जागा म्हणजे ‘हसू आणि आसू’ ही जोडी. यमक जुळतं म्हणून ‘आसू’ तिथे तग धरून राहिलं. (हसूला मात्र ‘हसवे’ असं अनेकवचन नाही. भाषेचा न्याय असाच असतो.)

आता आणखी एक गोष्ट, जी आजच्या लेखनात दिसत नाही. जुन्या छापील पुस्तकांत हा शब्द ‘आंसूं’, ‘आंसवें’ असा अनुस्वार देऊन लिहिलेला आढळतो. ‘आ’वरचं ते टिंब उच्चारात ऐकू येत नव्हतं, पण शब्दाचा इतिहास सांगत होतं. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने स्वीकारले आणि त्यांत असे व्युत्पत्तीने येणारे, उच्चार नसलेले अनुस्वार काढून टाकले गेले. लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘आंसवें’ आणि ‘आसवे’ असा कागदावर दिसणारा फरक त्या दिवसापासून पुसला गेला. आज द्राक्षासव आणि कुमारी आसव मिळून जी ‘आसवे’ होतात आणि डोळ्यांत येतात ती ‘आसवे’, दोन्ही अक्षरशः एकसारखी दिसतात. माणसं गोंधळली तर त्यात त्यांचा दोष थोडाच.

तो अनुस्वार आला कुठून? संस्कृत ‘अश्रु’मध्ये तर अनुस्वार नाही. प्राकृतात जोडाक्षरं सोपी होताना साधारणपणे व्यंजनाचं द्वित्त होतं, म्हणजे एकच व्यंजन दुहेरी येतं: अश्रुचं ‘अस्सु’ व्हायला हवं, आणि पालीत खरोखरच ‘अस्सु’ आहे. पण काही मोजक्या शब्दांत द्वित्ताऐवजी आधीच्या स्वरावर अनुस्वार आला. प्राकृताच्या व्याकरणकारांनी त्यांचा एक गटच केला आणि पहिल्या शब्दावरून त्याला ‘वक्रादि’ म्हटलं. वक्रचं ‘वंक’ झालं. आपला ‘वाकडा’ त्याच घरातला, आणि जुन्या लेखनात तोही ‘वांकडा’ होता. त्याच गटात अश्रुचं ‘अंसु’ येतं. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात हा गट आहे, बाराव्या शतकातल्या हेमचंद्रानेही तो दिला आहे. पुढे ‘अंसु’मधला अनुस्वार सैल होऊन अ दीर्घ झाला: आंसु, आंसूं, आणि शेवटी आपलं आसू.

हा प्रवास मराठीने एकटीने केला असं नाही. हिंदीत आँसू, गुजरातीत आंसु, नेपाळीत आँसु, पंजाबीत हंझू. कुठल्याही शब्दाची व्युत्पत्ती तपासताना मी पहिल्यांदा हेच पाहतो, की बहिणी काय म्हणतात. मद्यवाचक ‘आसव’मधून अश्रू निघाले असते तर हिंदीत आणि गुजरातीत कुठेतरी तो ‘व’ दिसायला हवा होता. तिथे तो औषधालाही नाही. तो फक्त मराठीच्या अनेकवचनात आहे, म्हणजे तो मराठीच्या अनेकवचनानेच आणला. अर्कवाल्या व्युत्पत्तीसाठी एवढा एक पुरावा मला पुरतो.

तरीही ‘आसव’ला न्याय द्यायला हवा, कारण तो शब्दही जुना आणि मानाचा आहे. आ + सु. ‘सु’ धातूचा अर्थ पिळून रस काढणे. सोम आणि सवन हे शब्द याच धातूचे. आयुर्वेदात आसव आणि अरिष्ट अशी जोडी येते आणि जुना वैद्यकग्रंथकार शार्ङ्गधर त्यांतला फरक स्वच्छ सांगतो: औषधी न उकळता, तशाच पाण्यात घालून आंबवलं तर आसव, आधी काढा करून आंबवलं तर अरिष्ट. म्हणून कुमारी आसव आणि दशमूलारिष्ट. आता गंमत पाहा. ‘दुःखाचा गाळलेला अर्क’ या कल्पनेत ऊर्ध्वपातन गृहीत धरलं आहे, थेंब थेंब खाली उतरणारं. पण आयुर्वेदातलं आसव तसं काढतच नाहीत, ते भांड्यात बंद करून आंबवतात. म्हणजे कल्पना अश्रूंना लागू नाही ती नाहीच, पण आसवालाही नीट लागू नाही.

याहून चतुर वाद घालणारे लोक मला भेटले आहेत. ते म्हणतात, मद्याचं सोडा, जैन तत्त्वज्ञानातला ‘आस्रव’ घ्या. तिथे ‘स्रु’ धातू आहे, वाहणे. आसवं वाहतात, तेव्हा आस्रवाचं आसव झालं असणार. हे ऐकायला जास्त पटतं, म्हणून जास्त धोक्याचं. जैनांच्या सात तत्त्वांत जीव, अजीव यांच्यानंतर आस्रव येतो. त्याचा अर्थ कर्माचा जीवाकडे होणारा ओघ. बौद्धांच्या पाली ग्रंथांत त्याचं रूप ‘आसव’ असं आहे आणि अर्थ चित्ताला लागलेले मळ, कामासव, भवासव, अविज्जासव. ज्याचे ते संपले तो खीणासव, म्हणजे अर्हत. पालीत मद्यवाचक आसवही याच रूपात आहे, फुलांचं पुप्फासव, फळांचं फलासव. म्हणजे पालीत ‘सु’वाला आणि ‘स्रु’वाला असे दोन वेगळे शब्द एका रूपात येऊन मिसळले.

पण त्याच पालीत अश्रूंसाठी कोणता शब्द आहे? ‘अस्सु’. संयुत्तनिकायात ‘अस्सुसुत्त’ नावाचं छोटंसं सुत्त आहे. त्यात बुद्ध भिक्खूंना विचारतात, की या दीर्घ संसरणात प्रियांच्या वियोगाने तुम्ही जेवढे अश्रू ढाळले ते जास्त, की चार महासागरांचं पाणी जास्त? भिक्खू उत्तर देतात, अश्रू जास्त. जी भाषा ‘आसव’ हा शब्द दोन-दोन अर्थांनी वापरते, तीच अश्रूंची गोष्ट सांगताना त्याच्याजवळही जात नाही. दोन शब्द एकाच भाषेत, एकाच काळी, शेजारी शेजारी वेगळे नांदताना दिसले की त्यांना मागाहून एक करता येत नाही.

संस्कृतातही एक चकवा आहे, तो सांगून ठेवतो, कारण कोश उघडणाऱ्याला तो हमखास भेटतो. अमरकोशात अश्रूंच्या पर्यायांत ‘अश्रु’बरोबर ‘अस्र’ हा शब्द येतो. आणि तोच ‘अस्र’ रक्ताच्या पर्यायांतही येतो, रुधिर, असृज्, लोहित यांच्या पंगतीत. मेघदूतात यक्ष शिळेवर प्रियेचं चित्र काढायला बसतो आणि डोळे भरून आल्याने त्याला दिसेनासं होतं, तिथे कालिदासाने ‘अस्रैः’ असाच शब्द वापरला आहे, आणि अर्थ अर्थातच अश्रू. यावरून ‘रक्ताचे अश्रू’ वगैरे जोडून कुणी निबंध लिहू नये. एका रूपात दोन अर्थ भेटले, एवढंच.

‘बाष्प’चं याच्या उलट झालं आणि तो सगळा प्रकार मला फार आवडतो. संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ, आणि बाष्प म्हणजे अश्रूही. शकुंतला सासरी निघते तेव्हा कण्वाचा गळा दाटतो तो ‘बाष्पा’नेच. पण प्राकृताने या दोन अर्थांना दोन वेगळी रूपं दिली: अश्रू असतील तर ‘बाह’, वाफ असेल तर ‘बप्फ’. हेमचंद्राने यासाठी स्वतंत्र सूत्रच केलं आहे, ‘बाष्पे होऽश्रुणि’. एकच शब्द, पण अर्थाप्रमाणे उच्चार बदलणारा. मराठीने त्यांतला वाफेचा वारसा ठेवला, आपली ‘वाफ’ तीच. अश्रूंचा ‘बाह’ मात्र गेला. त्याची जागा रिकामी झाली, आणि ‘आसू’ला स्पर्धक उरला नाही.

उलटं, मागे किती जाता येतं हे विचारलंत तर ‘अश्रु’ हा शब्द फार मागे जातो. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत ‘अस्रू’, लिथुआनियनमध्ये ‘अशरा’. ग्रीकमध्ये ‘दाक्रु’, जुन्या लॅटिनमध्ये ‘दाक्रुमा’, ज्याचं पुढे ‘लाक्रिमा’ झालं. गॉथिकमध्ये ‘टाग्र’, आणि इंग्रजीतला ‘टिअर’ त्याचाच भाऊ. संस्कृतातल्या ‘श’च्या जागी लॅटिन-ग्रीकमध्ये ‘क’ येतो हे ठरलेलं आहे, शतम् आणि केन्टुम्, दश आणि डेकेम्. त्यामुळे ‘श्रु’ आणि ‘क्रु’ यांची जुळणी अडत नाही. अडतं ते सुरुवातीला. पश्चिमेकडच्या भाषांत आरंभी ‘द’ आहे, तर संस्कृत, अवेस्ता, लिथुआनियन यांच्यात नाही. तो ‘द’ मूळचा होता आणि इकडे गळला, की तिकडे मागाहून चिकटला, यावर भाषाभ्यासक दीर्घकाळ वाद घालत आले आहेत आणि एकमत झालेलं नाही. नेत्ररोगतज्ज्ञांकडे गेलात तर दोन्ही घराणी एकाच कागदावर भेटतात: अश्रुग्रंथी ‘लॅक्रिमल’ असते, लॅटिनमधून आलेली, आणि अश्रुपिशवीला सूज आली की ‘डॅक्रिओसिस्टायटिस’, ग्रीकमधून आलेला.

इतिहास इथवर. पण तुमचा दुसरा प्रश्न, अर्थ नेमका काय, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण ‘आसवं म्हणजे अश्रू’ एवढं म्हणून भागत नाही.

कांदा चिरताना डोळ्यांतून काय येतं? पाणी. फार तर अश्रू. कांदा चिरताना ‘आसवं’ ओघळली असं कुणी लिहिलं तर ते विनोदासाठी. पोलीस जमावावर ‘अश्रुधूर’ सोडतात, ‘आसवधूर’ नाही. डॉक्टर ‘अश्रुनलिका’ म्हणतात. म्हणजे मराठीत ‘अश्रू’ हा शब्द द्रवाचं नाव म्हणूनही चालतो, कारण काही का असेना. ‘आसवं’ मात्र मनातून आलीच पाहिजेत. धुराने, थंडीने, जांभईने आलेली आसवं होत नाहीत.

ही वाटणी जुनी नाही. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. त्यांतल्या ‘अश्रू’ची कारणं भरत मुनींनी दिली आहेत ती वाचण्यासारखी आहेत. आनंद, संताप, भय, शोक ही आपल्याला अपेक्षित असतात. पण त्यांच्याच रांगेत धूर, अंजन, जांभई, डोळ्याची पापणी न लववता पाहत राहणं, थंडी आणि रोग हेही आहेत. म्हणजे संस्कृत ‘अश्रु’ला सगळंच चालत होतं आणि ती सवय आजच्या मराठी ‘अश्रू’तही उरली आहे. तद्भव, म्हणजे प्राकृतातून बदलत आलेल्या, ‘आसवं’ने मात्र त्यातला मनाचा वाटा तेवढा स्वतःकडे घेतला.

इथे एक उलटापालट झाली आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. मराठीत एकाच शब्दाची तत्सम (संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं) आणि तद्भव अशी दोन रूपं नांदत असली की बहुधा तद्भव रूप रोजच्या कामाचं असतं आणि तत्सम रूप भारदस्त. शेत नांगरतात, क्षेत्र हे तीर्थाचं नाहीतर अभ्यासाचं. जनावर गाभण असतं, बाई गर्भिणी. हात धुवायचा, हस्ताक्षर करायचं. या हिशेबाने ‘आसू’ घरगुती आणि ‘अश्रू’ काव्यमय व्हायला हवा होता. झालं नेमकं उलट. ‘अश्रू’ बातमीत आला, वैद्यकात गेला, ‘साश्रू नयनांनी निरोप’ म्हणून वर्तमानपत्रात गुळगुळीत झाला. ‘आसवं’ कवितेत आणि गाण्यात राहिली.

याचं कारण मला असं दिसतं, की घरगुती जागा दोघांनाही मिळाली नाही, ती आधीच भरली होती. मराठी माणूस बोलताना ‘माझ्या डोळ्यांतून आसवं आली’ म्हणत नाही आणि ‘अश्रू आले’ही फारसं म्हणत नाही. तो म्हणतो, डोळ्यांत पाणी आलं, डोळे भरून आले, रडू आलं. थोडं बोचरं बोलायचं असेल तर ‘टिपं गाळत बसली’. बंगालीतही नेहमीच्या बोलण्यात ‘चोखेर जल’, डोळ्यांचं पाणीच. शेजारच्या कोंकणीत तर ‘दुकां’ म्हणतात, दुःखाचंच रूप. अशा वेळी ‘आसू’ या जुन्या तद्भवाला व्यवहारात काम उरलं नाही, आणि ज्या शब्दाला व्यवहारात काम उरत नाही त्याला कविता ठेवून घेते.

म्हणून वापराबद्दल मला विचाराल तर उत्तर संदर्भावर अवलंबून आहे. वैद्यकीय किंवा बातमीचा मजकूर असेल तर ‘अश्रू’. पात्राच्या तोंडचं बोलणं असेल तर बहुतेक वेळा ‘पाणी’ किंवा ‘रडू’. बोलीभाषेतला संवाद असेल तर ‘टिपं’ही शोभतात, पण त्यांत बोलणाऱ्याची किंचित कुचेष्टा असते हे विसरू नका. ‘आसवं’ निवेदनात आणि कवितेत, आणि तीही जपून. ती गाळतात, ढाळतात, टिपतात, पुसतात, गिळतात. ‘आसवांचा पूर’ आणि ‘आसवांची फुलं’ ही जोडणी इतक्यांनी केली आहे की आता त्यांत ओल उरलेली नाही.

लिंगाबद्दलही विचारणा होतेच, म्हणून सांगतो. ‘अश्रू’ संस्कृतात नपुंसकलिंगी, पण मराठीत आपण तो पुल्लिंगी वापरतो: अश्रू अनावर झाले, अश्रू थांबेनात. ‘आसू’ने आपलं नपुंसकलिंग राखलं. तरी आज बरेच जण ‘ते आसू’ हे पुल्लिंगी अनेकवचन समजून लिहितात. हिंदीतला ‘आँसू’ पुल्लिंगी आहे, त्याचा परिणाम असेल. पण दुसरं कारण मराठीतच आहे. लेखी मराठीत ‘आसू आले’ हे नपुंसकलिंगी एकवचनही होतं आणि पुल्लिंगी अनेकवचनही. क्रियापद दोन्हीकडे सारखंच, तेव्हा वाचणाऱ्याने हवं ते समजावं. प्रत्यक्ष बोलण्यात ‘आलं’ की ‘आले’ यावरून फरक कळला असता, पण बोलण्यात हा शब्द येतोच कुठे! मी स्वतः नपुंसकलिंगच पाळतो आणि तपासायला आलेल्या मजकुरात तेच करायला सांगतो. कवितेत कुणी पुल्लिंगी वापरलं तर मात्र हटून बसत नाही.

‘एक आसव’बद्दल इतका सैल मी नाही. तुम्हाला अशी रूपं छापलेली सापडतील, नाही असं नाही. उद्या शंभर लोकांनी तेच वापरलं तर कोशाला ते नोंदवावंही लागेल, कोशाचं ते कामच आहे. पण आज ‘आसव’ या रूपावर दुसऱ्या एका शब्दाचा रीतसर हक्क आहे, आणि तुमच्या ओळीत पापणीच्या काठी औषधाचा थेंब थांबल्यासारखं वाचणाऱ्याला वाटू शकतं. शिक्षकांना नेमकं तेच वाटलं.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. मात्रा मोजून लिहिलेली कविता असती तर काहीच अडलं नसतं: ‘आसव’ म्हणजे दोन, एक, एक, अशा चार मात्रा, आणि ‘आसू’ म्हणजे दोन, दोन, अशा चार. एक काढून दुसरा ठेवला तरी चाल बिघडत नाही. पण तुमची ओळ अभंगाच्या वळणाची आहे आणि अभंगात अक्षरं मोजतात. ‘पापणीच्या काठी’ सहा अक्षरं, ‘थांबले आसव’ सहा. तिथे नुसतं ‘आसू’ घातलं तर पाचच होतात. एक अक्षर क्रियापदाकडून घ्या: ‘पापणीच्या काठी । थबकले आसू’. अक्षरं सहा भरतात, आणि ‘थबकले’ हे ‘थांबले’पेक्षा मला तिथे जास्त बरं वाटतं, कारण थांबलेलं माणूस थांबूनच राहू शकतं, थबकलेलं पुढे निघायच्या बेतात असतं. एकापेक्षा जास्त हवी असतील तर ‘पापणीच्या काठी । आसवे थांबली’. सहाच अक्षरं, आणि तिथे तो ‘व’ हक्काने येतो. पुढच्या चरणातलं यमक कोणत्याशी जुळतं, त्यावर काय ठेवायचं ते ठरवा.